जिन्यातला कार्बन आणि गेटावरचे चार दिवे

सानपाडा, मंगळवार

तीर्थस्वरूप यशोदाआक्कास,

धाकट्या कमळाकरचा, एका हाताने चष्मा सांभाळत, वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला गेला की अजून ओटीवर बसून आल्यागेल्याला दचकवतो? आम्ही इथे सगळे खुशाल आहोत, फक्त महिनाभर एकमेकांना नीट दिसलो नाही. फोनच करणार होतो, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि मग आमच्या घरातलं अख्ख्या उरणला कळतं. म्हणून पत्र.

तर झालं असं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अभय टिपणीस (तेच, जे वाढदिवसाच्या केकसमोरही भाषण करतात आणि मेणबत्ती त्यांच्याच वाऱ्याने विझते) कुठल्याशा डोंगरावर दोन दिवसांच्या शिबिराला गेले आणि येताना चिक्कीबरोबर ‘कार्बन फूटप्रिंट’ घेऊन आले. म्हणजे असं बघ, दिवा आपल्या घरात लागतो, त्याची वीज तिकडे लांब कोळसा जाळून होते आणि त्या धुराचं पाप आपल्या नावावर चढतं. इथपर्यंत माणूस खरं बोलत होता, ते मान्य करायला हवं. पण पुढे त्यांनी स्पर्धा काढली: ज्याच्या घरात सगळ्यात कमी दिवे, त्याला ‘हरित कुटुंब’ ढाल. आता तुला माहीत आहे, मी आयुष्यात काही जिंकलेलो नाही. संगीतखुर्चीत खुर्चीसकट पडलेला माणूस मी. ठरवलं, ही ढाल आपली. आठवड्याभरात आमच्या सोळा दिव्यांचे तीन झाले. सोनलने अंधारात बोंबलाच्या आंबट कालवणात मीठ समजून साखर घातली आणि वर मलाच ऐकवलं, “मी या घरान बायको म्हणून आलेली हाय, घुबड म्हणून नाय!” संडासातला दिवा मी हालचाल ओळखणारा बसवला. माणूस स्थिर बसला की तो विझतो. (आणि तिथे माणूस स्थिरच बसतो, हे बनवणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं.) त्यामुळे मी आत दर अर्ध्या मिनिटाला मिरवणुकीतल्या पुढाऱ्यासारखा हात हलवत असतो.

इथवर हसण्यासारखं होतं. मग टिपणीसांनी मीटिंगमध्ये जिन्यातले दिवेही काढायचा ठराव मांडला. आमची बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही, पण प्रत्येकाच्या मोबाइलला टॉर्च असतो की, असं त्यांचं म्हणणं. पहिला हात मी वर केला. (ढाल शेवटी तेच देणार होते.) विरोधाला उठली एकटी सकिनाचाची. आमच्या समोरच्याच दाराची, सोनलच्या डोहाळेजेवणाला नारळाच्या वड्या घेऊन आलेली, ती. म्हणाली, “माझा मोबाइल बटनांचा हाय, बाबा. त्याला तोंड हाय, डोला नाय.” सगळे हसले. मीही हसलो, आक्का.

जिन्यातले दिवे उतरल्यावर चौथ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला मी दूध घेऊन वर चढत होतो. वरून काहीतरी धपकन पडलं, भांडं खणखणत खाली गेलं आणि काळोखातून अगदी हळू आवाज आला, “कमळाकर, पायरी हितंच होती ना रे?” चाचीचं मनगट मोडलं होतं. रिक्षात मी तिचा हात धरून बसलो, तर ही मला विचारते, तुझं दूध सांडलं तर नाही? त्या प्रश्नाने मला जेवढं लागलं, तेवढं तिलाही पडून लागलं नसेल.

पुढच्या मीटिंगला तिची नात सना आली. ही विजेच्या विषयात डिप्लोमा करते. ओरडली नाही, रडली नाही, एक कागद उघडला. म्हणाली, “काका, दिवे मोजायचे नसतात. किती वॅट आणि किती तास, ते मोजायचं.” जिन्यात तिन्ही विंगचे मिळून नऊ वॅटचे बारा एलईडी. आणि गेटावर ‘हरित सोसायटी’ ही अक्षरं दिसावीत म्हणून पाचशे वॅटचे चार हॅलोजन, संध्याकाळपासून सकाळपर्यंत. ते एका रात्रीत जेवढी वीज खातात, तेवढ्यात अख्ख्या सोसायटीचा जिना अठरा रात्री उजळतो! टिपणीस म्हणाले, तो प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. सनाने विचारलं, “मग माझ्या दादीचं मनगट कुठला प्रश्न आहे?” मी उठलो. म्हटलं, दिवे काढायला पहिला हात माझा होता, आता लावायलाही माझाच.

त्याच दिवशी स्टूलवर चढून बाराही दिवे मी लावले. हॅलोजन उतरले. (वृत्तांतात ‘सेक्रेटरींच्या दूरदृष्टीमुळे’ असं लिहिलं गेलं, ते सोड.) प्लास्टरवाला हात गळ्यात अडकवून चाची स्वतः जिना बघायला आली. म्हणाली, आता पायरी दिसते. तूही दिसतोस, पण त्याला इलाज नाही.

भावजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
कमळाकर

ता.क. स्पर्धेचा निकाल मात्र जुन्याच नियमाने लागला, कारण ढालीवर ‘सर्वात कमी दिवे’ असं आधीच कोरून आलं होतं. आम्हाला मिळाली. रविवारी समारंभ आहे.

ता.ता.क. मागच्या खेपेला मी तुझ्या माळ्यावर ‘जुने कपडे’ म्हणून पोतं ठेवून गेलो, त्यात कपडे नाहीत, आमचे तेरा दिवे आहेत. टिपणीस ढाल हातात देण्याआधी शनिवारी शेवटचं मोजायला येणार, तेव्हा रविवारपर्यंत कोणाला बोलू नकोस, सोमवारी मी न्यायला येतो. आणि सोनलला दाट संशय आहे तसे ते तू एव्हाना ओटीवर, परसात आणि कोंबड्यांच्या खुराड्यात लावले असशील, तर निदान झोपताना बंद तरी कर. उरणचा धूरही वर जाऊन सानपाड्याच्याच आभाळात बसतो म्हणे.