दोन इंजिनं, तीन माणसं आणि ब्रांडल

रविवार, ३ जून २००७. रेगेन्सबर्ग.
आजपासून रोज दोन तास विमान. म्हणजे विमानच. काही झालं तरी. चौतीस सालचं, एकच नमुना निघालेलं, दोन इंजिनांचं, तिघांनी बसायचं लढाऊ विमान. त्याचं उडणारं मॉडेल इथल्या मॉडेल-विमान क्लबच्या समर-फेस्टला उडवणार. अध्यक्ष ब्रांडल आज सगळ्यांसमोर म्हणाला, ते डिझाइन मुळातच फसलेलं होतं. मूळ विमान उत्तम उडायचं, सरकारी लोकांनी जळफळून बाद केलं, असं त्याला जर्मनमध्ये सुनावलं. त्याला माझं जर्मन कळलं नाही. मुद्दाम.

मंगळवार, १२ जून
अजून विमानाला हात नाही. ऑफिसचा वैताग.

रविवार, १ जुलै
डावं इंजिन लागत नाही. ब्रांडल म्हणतो, विमान जड झालंय, वजन तपासून देतो. चोंबडा मेला. उजवं इंजिन झकास.

शनिवार, १४ जुलै
उद्या फेस्ट. नवं वाहन पूजेशिवाय बाहेर काढायची आपल्या घरात पद्धत नाही. शेपटीवर दोन्ही बाजूंनी लाल ऑइलपेंटने स्वस्तिक काढलं. कुंकू वाऱ्याने उडतं. वसुधा म्हणाली, अहो, जर्मनीत? लढाऊ विमानावर? बायकोला समजावलं, नाझींचं तिरकं, आपलं सरळ, शिवाय चार टिंबं. शेंबड्या पोरालाही फरक कळेल.

रविवार, १५ जुलै. दुपार
विमान मंडपात नेलं. सगळे माझ्या शेपटीकडेच बघतायत. जळा लेको. तेवढ्यात ब्रांडल धावत आला आणि त्याने आपली टोपी शेपटीवर घातली. दुसऱ्याच्या विमानावर! कमालीचा नीच माणूस.

संध्याकाळ
वसुधाने झापलं. ते चिन्ह असं मिरवणं इथे गुन्हा आहे. विमान जमिनीवर शेपूट टेकून बसतं, म्हणून आपलं सरळ स्वस्तिक तिरकं दिसलं. हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं. ब्रांडलनेच लोकांना सांगितलं की भारतात हे शुभ मानतात. मग त्यानेच गुडघ्यांवर बसून ब्लेडने सगळं खरवडलं. त्याचे उपकार घ्यावे लागले, याने डोकं फिरलं. वर म्हणतो कसा, आल्झो, चला तर मग, उडवा आता.

दोन्ही इंजिनं पहिल्या झटक्यात लागली. विमान गवतावरून सरळ कुंपणापर्यंत गेलं आणि थांबलं. हवेत उठलंच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रेमाने. असा राग मला आयुष्यात आला नव्हता.

ब्रांडलने हळूच विचारलं, मूळ विमानही उडालं नव्हतं, हो ना?

मी म्हणालो, गेनाऊ. अगदी बरोबर.