नामवंत घराण्यांत शिकलेले मास्तर

ती. वन्संना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. इकडे तुमच्या बंधुराजांची प्रकृती उत्तम आहे, कारण मी पियानोवर बसले की ते चपला घालून फिरायला निघतात. वर्षभरात सहा किलो उतरले. तुम्ही माझ्या पियानोच्या मास्तरांची सगळी माहिती मागवलीत, शिक्षण काय, शिकवतात कसे, माणूस कसा. तुमच्यापासून मी काही लपवत नाही (तुम्ही लपवू देत नाही), तेव्हा सविस्तर लिहिते.

मास्तरांच्या दारावर पाटी आहे, ‘नामवंत घराण्यांत शिक्षण’. मी ती वाचून हुरळले. सहा महिन्यांनी कळलं की मास्तर पंचेचाळिशीपर्यंत पियानो दुरुस्त करत हिंडायचे आणि ही घराणी म्हणजे गिऱ्हाइकांची घरं. तारा कसून झाल्या की समोर उघडं असेल ते पुस्तक वाजवून बघायचं, ही त्यांची तालीम. घरातली मंडळी भिडेखातर दोन पानं ऐकून घ्यायची आणि मग ‘झालं ना?’ म्हणून झाकण लावायची. त्यामुळे मास्तरांना थोरामोठ्यांच्या तीसेक रचना येतात, पण प्रत्येक दोन पानांपुरती. अभिजात संगीताचा इतका अर्धवट अभ्यास इतक्या निष्ठेने दुसऱ्या कुणी केला नसेल.

शिकवण्याची पद्धत विचाराल तर पहिला दीड महिना त्यांनी मला वाजवूच दिलं नाही. पियानोचं पोट उघडून आतल्या हातोड्या ब्रशने साफ करायला लावल्या. आवाज कुठून येतो ते कळल्याशिवाय बोट लावायचं नाही म्हणे. सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावणारी दातांची डॉक्टर मी, तिथे अठ्ठ्याऐंशी पट्ट्या पुसत बसले. मग एकच ओळ दोन महिने. मी वाजवताना ते डोळे मिटून घेत. तल्लीन झालेत अशी माझी समजूत होती, ती एकदा घोरण्याने मोडली. जागे असले की म्हणत, “डॉक्टर, तुम्ही पट्टी दाबत नाही, उपटता.” तिसऱ्या पानाचं नाव काढलं की आधी दोन तर नीट येऊ देत, हे ठरलेलं उत्तर.

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांच्या शिष्यांचा कार्यक्रम झाला. एक निवृत्त न्यायाधीश, शिवणवर्ग चालवणाऱ्या दोघी बहिणी, एक प्लंबर, आणि मी. प्रत्येक जण भर रस्त्यात गाडी बंद पडावी तसा मध्येच थांबून नमस्कार करी आणि टाळ्या वाजवाव्यात की वाट बघावी हे लोकांना समजेना. मी मात्र मास्तरांना उघडं पाडायचं ठरवलं होतं. घरी चोरून तिसरं पान बसवलं होतं आणि पहिल्या रांगेत माझे अकरा पेशंट आणून बसवले होते (दात माझ्या हातात असलेली माणसं नाही म्हणत नाहीत). दोन पानं झाली, तिसरं उलटलं आणि बोटांना काही म्हणता काही आठवेना. थांबायची लाज वाटली म्हणून परत पहिल्या पानावर आले. असे तीन फेरे झाले. तुमचे बंधू दाराकडे बघू लागले. वन्सं, खरं सांगते, मी रडायच्या बेतात होते.

चौथ्या फेऱ्याला मास्तर उठले, स्टूल ओढून माझ्या डावीकडे बसले आणि तिसरं पान शेवटपर्यंत वाजवलं. हळू वाजवलं, दोनदा चुकले, पण मी हात मांडीवर ठेवून नुसती ऐकत राहिले.

नंतर ते खुर्च्या आवरत होते तेव्हा मी त्यांना धारेवर धरलं. हे येत होतं तर वर्षभर शिकवलं का नाही?

“येत नव्हतं,” मास्तर म्हणाले. “पंधरा दिवसांपूर्वी बसवायला घेतलं. तुम्ही चोरून पुढचं वाजवताय हे तुमच्या बोटांवरून कळत होतं. म्हटलं, ह्या तिथे अडकणार.”

मला इतका राग आला की उद्यापासून माझं शिकणं बंद, असं मी चारचौघांत सांगून आले. त्रेसष्टाव्या वर्षी जो माणूस शिष्येच्या धाकाने शिकायला बसतो, त्याला मास्तर म्हणावं का, हे तुम्हीच ठरवा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. सगळ्यात जास्त टाळ्या तुमच्या बंधूंनी वाजवल्या. संपल्याचा आनंद असावा.

आणखी ता. क. तुम्ही नातीसाठी मास्तरांना परस्पर फोन केलात आणि मंगळवार-शुक्रवारची पाचची वेळ मागितलीत, हे मला काल त्यांच्याकडूनच समजलं. ती वेळ माझी आहे. रागाच्या भरात बोललेलं त्यांनी खरं धरलं, पण मी काही सोडत नाहीये. वरचं सगळं सूनबाईंना मोठ्याने वाचून दाखवा, आणि पोरीला पोहायला घाला.