भरतीला घेतलेला नमुना

बाबा, तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, तेव्हा हे लिहिण्यात तसा काही अर्थ नाही. पण मी रिटायर झाले आहे, दुपारचा वेळ जाता जात नाही, आणि खाडीवरचा तो दिवस काही केल्या माझी पाठ सोडत नाही.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. मी बेलापूरला पाण्याचं प्रदूषण तपासणाऱ्या ऑफिसात नुकतीच लागले होते. गावातली पहिली सरकारी नोकरीवाली मुलगी म्हणून भेटेल त्याला तू सांगायचास, "आमची बाय पानी तपासते." तेव्हा फॅक्टरीचा पाइप आपल्या खाडीत खुशाल घाण सोडत होता. जाळ्यात मेलेली मासळी यायची, आईच्या पायांना फोड यायचे. गावाने अर्ज केला, त्यावर पहिला अंगठा तुझा. चौकशी लागली आणि नमुना घ्यायला आमच्याच साहेबांना पाठवलं, मदतीला मी. नमुना पंचांसमोर घ्यावा लागतो. गावातर्फे एक पंच तू झालास, मुलगी येणार म्हणून धुतलेला सदरा घालून.

जीप बंधाऱ्यावर थांबते तेव्हा बारा वाजत आलेत. पौर्णिमा आहे, पाण्याला उधाण आहे, पाइपाचं तोंड वावभर, चांगलं पुरुषभर खाली बुडालंय. फॅक्टरीचा मॅनेजर निवांत उभा आहे. तू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणतोस, "बाय, आता नको घेव. पानी भरलेलं हाय. सुकती लागू दे, चारला पाइप उघडा परल, मंग भर बाटली." मी तुझ्याकडे न बघता म्हणते, "बाबा, ऑफिसची वेळ असते. साहेबांना थांबता येत नाही." तू एकदा साहेबांकडे बघतोस आणि बाजूला सरतोस. मी दोरीने बादली सोडते, बाटल्या भरते. कायद्याप्रमाणे एक भाग आम्हाला, एक फॅक्टरीला, दोन्हींवर लाखेचं सील. पंचनामा वाचून दाखवते: पंचांसमक्ष, कोणाचीही हरकत नसताना. तू विचारतोस, "लावू ना, बाय?" मी मान हलवते आणि तुझा अंगठा धरून कागदावर टेकवते.

पाणी मर्यादेत असल्याचा रिपोर्ट आला. येणारच होता, बाटलीत सगळी समुद्राची भरती होती. सुनावणीला फॅक्टरीच्या वकिलाने तो पंचनामा वाचला आणि म्हणाला, अर्जदाराच्याच समक्ष नमुना घेतलाय, त्याचा अंगठा आहे. अर्ज निकाली निघाला. पुढच्या वर्षी तू होडी वर ओढून ठेवलीस आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात वॉचमन झालास. खाकी शर्ट तुला खांद्यावर कधीच नीट बसला नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं, पण मी विषय काढत नसे.

मला तू एका शब्दाने बोलला नाहीस. शेवटपर्यंत बोलत राहिलास ते साहेबांना. "त्या सायबाला पान्याचं काय ठावं? घाटावरचा मानूस. त्याने आमच्या बायला इचारलं असतं त असं झालं नसतं." मी खाली मान घालून जेवायची. साहेब साताऱ्याकडचे, सरळ माणूस. त्यांची बदली झाली, पण आपल्या घरात ते वाईटच राहिले.

बाबा, त्यांनी मला विचारलं होतं. आदल्या दिवशी ऑफिसात म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिथल्याच. कधी जाऊ या ते तुम्हीच सांगा." मला तिथी माहीत होती, सुकतीची वेळही, बोटांवर मोजायला तूच शिकवलं होतंस. पण सुकतीला पाइपापर्यंत जायचं म्हणजे मांडीभर चिखलात उतरायचं, साडी वर खोचून, आई निवट्या मासे धरायला उतरायची तसं. साहेबांसमोर, जीपच्या ड्रायव्हरसमोर, मला त्याची लाज वाटली. मी सांगितलं, "बाराला जाऊ, सर." त्यांनी विश्वासाने डायरीत लिहून घेतलं.

आई आता पार थकली आहे, पण परवा पुन्हा तिने त्या साहेबांच्या नावाने बोटं मोडली. मी शेजारीच बसले होते. मी म्हटलं, हो गं, त्यांचंच चुकलं.