सहाव्या धड्यातली स्वीटी

कारंजा (घाडगे), शुक्रवार

आदरणीय प्रफुलदादास,

रोशनचा वाकून नमस्कार. पुण्यात तुझी तब्येत ठीक असेल आणि जेवण वेळेवर होत असेल, अशी आशा करतो. (होत नसेल तर मामीला कळवू नकोस; तुझ्या आईला सध्या एकच घोर पुरे आहे.)

बंडूजींच्या कॉम्प्युटर क्लासचे धडे मी टाइप करतो, हे तुला ठाऊक आहेच. माझी बारावी अर्धी राहिली, पण टायपिंगमध्ये चुकलेली वेलांटी अजून कुणी दाखवलेली नाही. पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेचे बारा धडे बंडूजींनी बारा ओळखीच्यांकडून फुकट लिहून घेतले, आणि घोळ तिथेच झाला. प्रत्येक नव्या कामासाठी आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावं लागतं. (मी शिकणाऱ्यांना सांगतो, एकाच घरात वेगळी चूल; इकडचं मीठ तिकडच्या वरणात पडत नाही.) पहिला धडा त्या चुलीला ‘सराव’ म्हणतो, चौथा ‘डेमो’ म्हणतो, नववा म्हणतो चुलीची गरजच नाही. आणि सहावा धडा एकदम म्हणतो, ‘आधी केलेली स्वीटी चालू करा.’ कोण स्वीटी? कधी केली? आधीच्या पाच धड्यांत तिचा पत्ता नाही. लिहिणारा एका हाताने समोसा खात असणार.

आपला पोरगा पुण्यात दिवसभर कॉम्प्युटरवर करतो तरी काय, हे कळावं म्हणून मामी या क्लासला बसली. ती धड्यातली ओळ न् ओळ वहीत उतरवते आणि तसंच करते. तिने स्वीटी अकरा वेळा चालू करून पाहिली. कॉम्प्युटरने अकरा वेळा कळवलं की अशी कुणी इथे नाही. ‘माह्याच हातानं बिघडलं रे बापा,’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून पिशवीभर संत्री ठेवून गेली, ती पुन्हा आलीच नाही. संत्री बंडूजींनी खाल्ली.

मी तीन दिवस बसून बाराही धडे सारखे केले. सगळीकडे नाव ‘चूल’, मांडायची रीत एक, पेटवायची रीत एक, शब्दसुद्धा तेच. बंडूजी भडकले. ‘काऊन हात लावला बे? पोट्टे आपापलं समजून घेतेत! सोमवारपर्यंत होतं तसं कर, नाई तं येऊ नको.’ मी सांगितलं, समजून घेणारे घेतात. पण सांगितलं तसंच करणारा माणूस अडकतो आणि चूक स्वतःची समजून घरी बसतो. धडे बदलणार नाही. काम गेलं तर मामांच्या बागेत संत्री तोडीन, पण तिथेही सगळ्या पेट्यांवर एकच नाव लिहीन.

तुझा,
रोशन

ता. क. : धडाच चुकीचा होता, हे मी मामीला सांगून पाहिलं. ‘तू तं बारावीबी नाई केली, तुले काय समजते?’ म्हणाली. बंडूजींनी धड्यांवरची नावं काढली आहेत, पण मूळ फाइलमध्ये लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. सहावा धडा तुझा आहे. वरचं समोशाचं वाक्य तसंच ठेवतो. खाडाखोड मला चालत नाही.

आणखी एक : रविवारी ये, आणि चूक तिची नव्हती, तुझी होती, एवढं मामीला समोर बसून सांग. नव्या धड्यांतून स्वीटी गेली आहे, मी तीनदा तपासलं. मामीच्या वहीत मात्र ती आहे, खाली दोन रेघा मारून. ती कोण, असं मामीने काल मला विचारलं. मी म्हटलं, रविवारी दादा सांगेल.