ओंजल

३ जानेवारी, रविवार

आचारी गेला. सकाळी त्याच्या मुलाचा फोन. "तुम्हाला आधी कळवायचं, असं बाबांनी सांगून ठेवलं होतं, काका." बरं केलंस, म्हटलं. आणखी काय म्हणणार? लढाईभर त्याच्या आमटीला शिव्या घातल्या आणि एक थेंब कधी टाकला नाही.

तुकडीतले आम्ही चौघे शेवटपर्यंत एकमेकांना धरून होतो. आधी पत्रं, मग फोन. शिंग फुंकणारा शिंग्या मागेच गेला. आता आचारी. उरलो मी आणि डोल्या.

डोल्याचा रविवारचा फोन नेहमीच्या वेळी आला.

"कोण?" मी.

"ओंजल."

"पुढे ये."

मग दोघेही बराच वेळ गप्प. शेवटी तोच म्हणाला, "खांबा, सगले गेले रे."

"सगळे कुठे? तू आहेस ना."

"हो, मी आहे," म्हणाला. खिसा चाचपून बघावा तसं.

मला खांब म्हणणारा आता हा एकटाच. मुलीला हे नाव ठाऊकही नाही. छापखान्यात मी काका. खाली दुकानदाराला तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा. पहाऱ्यावर मी हलायचो नाही म्हणून खांब. तो खांब कुणी पाहिला होता? डोल्याने.

४ जानेवारी

मुलीचा फोन. "बाबा, किती दिवस एकटे राहणार? आता इकडे या." जिने चढले की पाय मोकळे राहतात, असं काहीतरी सांगितलं. खरं कारण वेगळंच. इथून हललो की हा फोन नंबर जाईल आणि डोल्याच्या डोक्यात नवा नंबर बसणार नाही. हे तिला सांगितलं असतं तर हसली असती. किंवा रडली असती. दोन्ही नको.

१३ जानेवारी

आज छापखान्यात गंमत झाली. लहान मुलांच्या पुस्तकाची प्रुफं तपासत होतो. ओळीत एकदम 'ओंजल'. अक्षरं जुळवणाऱ्याची चूक. पेन्सिल तिथेच थांबली. मालक म्हणाले, "काका, काय झालं?" काही नाही, म्हटलं.

यांना काय सांगू? गस्तीवर गेलेला डोल्या एकटाच परत येत होता. उजाडून गेलं होतं, पण धुकं असं, की स्वतःच्या बंदुकीचं टोक दिसेना. मी पहाऱ्यावर. पावलं ऐकली, ओरडलो— थांब! कोण? हुकूम साफ होता. परवलीचा शब्द चुकला की गोळी. त्या दिवशीचा शब्द होता ओंजळ. साहेबांना नेमका हाच कुठून सुचला! डोळ्यात माती गेली तेव्हा "माझा डोला, माझा डोला" करत जो छावणीभर नाचला आणि जन्माचा डोल्या झाला, त्याला ळचा शब्द.

धुक्यातून आलं— "ओंजल."

शब्द चुकला होता. माझं बोट चापावर. आणि मला हसू फुटलं. शत्रूने शब्द चोरला असता तर पाठ करून, घोटून, बिनचूक म्हटला असता. इतका बेधडक चुकीचा म्हणणारा आपलाच. "पुढे ये," म्हणालो. पुढे आला आणि माझ्या पायाशी बसून ओकला.

तेव्हापासून आमचा कायदाच झाला. ओंजल म्हणेल तो आपला. नीट म्हणेल तो परका. शिंग्या एकदा फोनवर चुकून 'ओंजळ' म्हणाला, तर आचाऱ्याने सरळ फोन आपटला आणि त्याला परत करायला लावला.

प्रुफातला ल मात्र खोडला. समासात ळ लिहिला. नोकरी ती नोकरी.

१७ जानेवारी, रविवार

डोल्याचा फोन. गुडघे, थंडी, सुनेचं कौतुक. "आज वेल नाही, नातू आलाय," म्हणून लवकर ठेवला. चालायचंच.

२४ जानेवारी, रविवार

फोन नाही.

दुपारी मीच लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला. खुर्ची फोनजवळ ओढून बसलो. चहा तिथेच, जेवण तिथेच. फोन वाजला तो मुलीचा. तिच्यावर उगाच खेकसलो.

२५ जानेवारी

डोल्याच्या सुनेने फोन उचलला. अर्धांगाचा झटका. शुक्रवारी सकाळी दाढी करताना आरशासमोरच कोसळला. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

"समजतं का त्याला?"

"समजतं, काका. बोलता येत नाही. शब्दच फुटत नाही."

येतो, म्हटलं. "दवाखान्यात आत कुणाला सोडत नाहीत," म्हणाली. बरोबरच आहे. बसून राहिलो.

३१ जानेवारी, रविवार

नेहमीच्या वेळी फोनजवळ बसलो. येणार नाही हे माहीत असून. वेडेपणा. पण उठवेना.

१२ फेब्रुवारी

घरी आणलं आहे. मी म्हटलं, उद्या गाडी पकडतो. सून चाचरली. "नका येऊ, काका. सध्या नको." का? "तेच नको म्हणतात."

ज्याची वाचा गेली तो नको कसा म्हणतो? "मान हलवतात," म्हणाली. लाजतो का माझ्यापुढे? मी त्याला पायाशी बसून ओकताना पाहिलंय. आता तोंड वाकडं झालं म्हणून मला तोंड दाखवणार नाही?

राग आला. मग रागही गेला, आणि खोली फार मोठी वाटायला लागली. ही होती तेव्हा इथे कपाट उघडलं तर पलंगाला आपटायचं.

२८ फेब्रुवारी, रविवार

सुनेला फोन. "बरे आहेत, काका." गेल्या वेळीही हेच, त्याच्या आधीही हेच. आम्ही आघाडीवरून घरी दोनच शब्द लिहायचो— बरा आहे. त्यात काय काय दडवलेलं असायचं ते मला विचारा.

"जरा त्याच्या कानाला लाव."

"झोपलेत."

१४ मार्च, रविवार

आज दुपारीसुद्धा झोपलेत.

२१ मार्च, रविवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

ठरल्या वेळी फोन वाजला. त्याचीच वेळ! उचलला. जुन्या सवयीने निघून गेलं— "कोण?"

पलीकडे श्वास. मग खूप सावकाश, दगड उचलून ठेवावा तसा एकेक तुकडा—

"ओं... ज... ळ."

ळ. स्वच्छ, गोल, छापल्यासारखा. आयुष्यभर ळ आणि ल वेगळे काढून पोट भरलं, माझा कान फसत नाही. तो डोल्या नव्हता. मी फोन ठेवला. लगेच परत वाजला. उचलला नाही. वाजत राहिला.

कोण ते कळलं. मुलगा. डोल्याच्या मुलाचा आवाज बापासारखाच आहे, लग्नात ऐकला तेव्हाच म्हटलं होतं. शब्द बापाने सांगितला असणार, चूक सांगायची राहिली. ती चूकच तर सगळं होती. म्हाताऱ्याला धक्का बसू नये म्हणून घरच्यांनी मिळून हे नाटक बसवलं. झोपलेत, बरे आहेत, येऊ नका— आता सगळं जुळतं.

डोल्या गेला. कधी गेला ते मला कळवायचीही कुणाला गरज वाटली नाही.

२२ मार्च

सुनेला फोन करून सरळ विचारावं, असं दहादा मनात आलं. नाही केला. ती "बरे आहेत" म्हणाली असती तर मी तिला नाही नाही ते बोललो असतो. आणि खरं सांगितलं असतं तर? तेही ऐकायचं धैर्य नाही. असा मी पहारेकरी.

२५ मार्च

मालकांनी हळूच पान पुढे केलं. मी तपासलेलं. 'काळ गेला' हवं तिथे 'काल गेला' तसंच राहिलेलं. "काका, बरं नाही का? चार दिवस घरी बसा." घरी बसून काय करू?

२८ मार्च, रविवार

परत तीच वेळ, परत फोन. वाजू दिला. थांबला. पुन्हा वाजला. हे लोक थकत कसे नाहीत? शेवटी रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. त्यातून किती तरी वेळ टूं टूं येत होतं. उशीखाली घातला.

मग रडलो. लिहायला लाज कसली, इथे कोण वाचतंय. शिंग्यासाठी रडलो नव्हतो, आचाऱ्यासाठीही नाही. तेव्हा डोल्या होता. फोनवर दोघे मिळून गप्प बसलो होतो. आता कुणाबरोबर गप्प बसू?

४ एप्रिल, रविवार

आज वाजला नाही. दमले वाटतं.

वाजला नाही याचंही वाईट वाटलं. माणसाचं काय सांगावं!

५ एप्रिल

मुलीला सांगून टाकलं— येतो तिकडे. महिनाअखेरीस. तिला इतका आनंद झाला, की मला कसंसंच झालं. "फोनचं काय करायचं, बाबा? बंद करायला सांगू?" सांग, म्हटलं.

७ एप्रिल

सकाळी दाढीला बसलो होतो, तेवढ्यात फोन. एरवीचा दिवस, म्हणून उचलला. अनोळखी बाई, आवाजावरून तिशीतली.

"खांब तुम्हीच का?"

 स्टुलावर बसलो. तुम्हाला हे नाव कोणी सांगितलं, विचारलं.

"ज्यांचा फोन तुम्ही ठेवून देता, त्यांनी," म्हणाली. चांगली रागावलेली. "मी त्यांना बोलायला शिकवते. झटका आल्यानंतर जीभ कशी वळवायची, ओठ कसे मिटायचे, सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं. रोज शिकवते. त्या रविवारी तुम्ही फोन उचललाच नाही, तेव्हापासून ते तोंड उघडत नाहीत. भिंतीकडे तोंड करून झोपतात. तुम्ही असं काय केलंत, आजोबा?"

मी म्हटलं, "तो आहे?"

"म्हणजे काय! आहेत म्हणजे? समोर आहेत माझ्या."

 ती बोलतच होती. सुनेला त्याने खुणेनं बजावलं होतं— तो शब्द येईपर्यंत खांबाला बोलवायचं नाही. फोनवर "आ, ऊ" ऐकवायचं नाही. म्हणून सुनेने मला टोलवलं. बिचारी.

"पहिला शब्द त्यांनीच काढला," बाई म्हणाली. "मी पाणी, भूक शिकवत होते, हे मात्र एकच धरून बसले. आधी नुसता 'ओं'. मग एक दिवस अख्खा शब्द आला. पण चुकीचा. 'ओंजल' म्हणायचे. ळ येत नव्हता. मी सोडलं नाही. आरसा समोर धरला, जीभ मागे वळवा, टाळूला लावा, आता सोडा— महिनाभर घासून घेतला. जमला तेव्हा आम्ही दोघं टाळ्या पिटत होतो. आणि तुम्ही फोन ठेवलात."

 मग म्हटलं, "बाई, तो ळ त्याला कधीच येत नव्हता."

"म्हणजे?"

"जन्मापासून. त्यावरूनच त्याचं नाव पडलंय."

 मग अगदी बारीक आवाजात, "मला वाटलं, आजारामुळे."

तिला सगळं सांगितलं. धुकं, चाप, आचाऱ्याने आपटलेला फोन. ऐकताना एकदा हसली, मग हसायची थांबली. "मी तुमचा शब्द मोडला," म्हणाली. तिला काय बोल लावायचा? कुणी चूक दुरुस्त केली म्हणून रागावण्याचा हक्क जगात सगळ्यांना असेल, मला नाही. जन्मभर दुसरं काय केलं?

"त्यांना फोन देऊ?" तिने विचारलं.

नको, म्हटलं. मी येतो. त्याला सांगू नका.

गालावरचा फेस वाळून गेला होता. परत लावून दाढी केली. मग मुलीला फोन— येणं पुढे ढकललंय, नंबर बंद करू नकोस. कारण विचारलं तिने. या वेळी सांगितलं, सगळं. हसली नाही.

११ एप्रिल, रविवार

गाडी लेट. फोनची वेळ टळून गेली होती. सुनेने काही न बोलता आतल्या खोलीकडे हात केला. दार लोटलेलं. माझी काठी ऐकून आतून, खूप सावकाश—

"को... ण?"

"ओंजल," मी म्हणालो.

आत काही हललं नाही. मग आवाज आला. "ळ." थोडं थांबून, "नीट... म्हण."

थट्टा करत होता, की ते धुकं, तो दिवस सगळं पुसलं गेलं आणि नुसता शब्दच उरला आहे? दाराबाहेरून कळेना. अजूनही नीट कळलेलं नाही. पण पहाऱ्यावर तो होता आणि बाहेर मी.

"ओंजळ," म्हणालो.

"पुढे ये."