नव्वद सेकंदांत ऑस्ट्रेलिया

१२ जानेवारी, रविवार. दुपारी ३.

फॉर्म भरला. सबमिट केला. घाबरलो अजिबात नाही. सबमिट दाबताना मनगटावरच्या घड्याळाने विचारलं, आपण व्यायाम करत आहात का? मी सोफ्यावर बसलो होतो. घड्याळ बिघडलंय. बदलणे.

इथे इंग्लंडात टीव्हीवर शनिवारी गाण्याची स्पर्धा लागते, तिचा फॉर्म. बायको मीनाक्षी आणि मुलगी अन्वी ती बघतात. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन, बघत नसल्यासारखं बघतो. यंदा त्यांनी एका ऑस्ट्रेलियन चॅनेलशी हातमिळवणी केली आहे. त्यामुळे ऑडिशनला त्यांच्या यादीतलंच एक नवीन ऑस्ट्रेलियन पॉप किंवा रॉक गाणं म्हणायचं. नव्वद सेकंदांत. माझा ऑस्ट्रेलियाशी संबंध क्रिकेटपुरता. पण सात सूर सगळीकडे तेच.

पुण्यात सात वर्षं शास्त्रीय शिकलोय. नंतर चोवीस वर्षं लोकांसमोर गायलो नाही, कारण वेळ झाला नाही. कॉलेजात असताना एका स्पर्धेत माइक बिघडला होता, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

उद्यापासून पहाटे पाचला रियाज. दही, लोणचं, थंड पाणी बंद. कुणाला काही सांगायचं नाही.

१३ जानेवारी, सोमवार.

पहाटे पाच. बाहेर उणे दोन. थंडी आवाजाला वाईट. झोपलो.

संध्याकाळी बसलो, पण भिंतीपलीकडच्या घरात तान्हं बाळ आहे. रियाज मनातल्या मनात केला. मनात माझा आवाज फार सुंदर लागतो.

१९ जानेवारी, रविवार.

यादीतली बाराही गाणी ऐकली. आता ऑस्ट्रेलियन संगीतावर माझा बऱ्यापैकी अधिकार आहे. त्यांच्या मुली कानात कुजबुजल्यासारखं गातात, शब्द ओठांच्या आतच राहतात. मुलगे शेजाऱ्याशी भांडल्यासारखे गातात. मधलं काही नाही. ती जागा मला मोकळी आहे.

गाणं निवडलं. ‘टिन रूफ मोटेल’ नावाचा पर्थचा बँड आहे, पोरं अन्वीपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी असतील. गाण्यातला मुलगा मागे उघडा असलेला ट्रक घेऊन पेट्रोल पंपावर थांबलाय आणि जुन्या मैत्रिणीला फोन करावा की नाही ते ठरवतोय. चार मिनिटांत ठरत नाही. पण चाल? चक्क भूप! त्या पोरांना पत्ताही नाही की ते भूप गातायत.

अन्वीला सांगावंच लागलं, हेडफोन तिचे होते. ती म्हणाली, बाबा, तू हा साँग घेणार? ते खूप फास्ट आहे. यू विल फर्गेट द वर्ड्स. चौदा वर्षांच्या मुलीने एवढं मोठं बोलू नये.

रात्री जेवलो नाही. ॲसिडिटी.

२६ जानेवारी, रविवार.

एक छोटीशी चूक झाली. थेम्स व्हॅली मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. अध्यक्ष मोहनकाका वडीलधारे, चाळीस वर्षं इथे आहेत. मला म्हणाले, काय रघुवीर, तुम्ही मंडळात काही भागच घेत नाही. मी म्हणालो, काका, सध्या जरा टीव्हीच्या गडबडीत आहे.

काका वळले, माइक हातात घेतला आणि सगळं जाहीर केलं. टाळ्या. साठ माणसं. मीनाक्षी हलव्याचे दागिने घातलेल्या एका बाळाला कडेवर घेऊन उभी होती, तिला हे तिथेच कळलं. गाडीत म्हणाली, चांगलं आहे की. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मी तुला अख्खं गाणं म्हणताना एकदाही ऐकलं नाहीये. 

खरंच? बाथरूममध्ये गुणगुणतो ते? ती म्हणाली, तो नुसता आऽ असतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार. ऑफिस.

ईमेल आली. ऑडिशन ८ मार्च, नॉटिंगहॅम. टॉयलेटमध्ये जाऊन वाचली. एकाच पानाची होती, तरी चाळीस मिनिटं लागली. बाहेर नकुल उभा. हा आमच्या टीममधला नागपूरचा मुलगा. विचारायला लागला, सर, सगळं ओके आहे ना, चेहरा पांढरा पडलाय. म्हटलं, इथल्या ट्यूबलाइट्स तशाच आहेत.

हात गार पडतात, ते हीटिंगमुळे. तळव्यांना घाम येतो, तोही हीटिंगमुळेच.

१६ फेब्रुवारी, रविवार.

रियाजाला जागा मिळाली. सुपरमार्केटचा कार पार्क, मागचा कोपरा, काचा बंद. पंचवीस मिनिटं आलाप केला. अप्रतिम. शेवटी सिक्युरिटीच्या बाईंनी काचेवर टकटक करून विचारलं की कुठे दुखतंय का, ॲम्ब्युलन्स बोलावू का. बिचाऱ्यांनी आयुष्यात भूप ऐकला नसेल.

शब्दांचं मात्र अजून जमलेलं नाही. पहिली ओळ येते. दुसरीपाशी पोचलो की डोक्यात पांढरा पडदा. कागद शॉवरमध्ये चिकटवला, भिजला. फ्रिजवर लावला, मीनाक्षीने त्यावर दूध, कोथिंबीर लिहिलं. वयाचा परिणाम असणार. बी-ट्वेल्व्ह तपासून घ्यावं.

२ मार्च, रविवार.

तोडगा सापडला. आधी वातावरण तयार करायचं. आपल्याकडे कुणी उठून धाडकन शब्दांवर उडी मारत नाही. षड्ज लावायचा, राग उलगडायचा, ऐकणाऱ्याला आत घ्यायचं. मग शब्द आपोआप येतात. गुरुजी असंच शिकवायचे.

अन्वीने स्टॉपवॉच लावून ऐकलं. म्हणाली, बाबा, वन मिनिट फिफ्टी झाला आणि तू अजून गाणं सुरूच नाही केला. नाइन्टी सेकंद्स आहेत टोटल. मी तिला समजावलं की परंपरेत घाई नसते. तिने मीनाक्षीकडे पाहिलं. मीनाक्षी मटार सोलत होती, तेच सोलत राहिली.

आलापात मला काहीच होत नाही. छाती शांत असते. डोळे मिटलेले, एक हात कानाशी. तिथे कुणी काही विचारत नाही, काही आठवावं लागत नाही. तिथून बाहेर पडावंसं वाटत नाही एवढीच अडचण आहे.

७ मार्च, शुक्रवार. नॉटिंगहॅम, हॉटेल.

मीनाक्षीने विचारलं, भीती वाटतेय का? म्हणालो, छे, खोली गार आहे. तिने रेडिएटर वाढवला. मग माझ्या पायावर पाय ठेवून म्हणाली, मग पाय का हलतोय.

८ मार्च, शनिवार. सकाळी ९.

रांग. आमच्या पुढे एक अठरा वर्षांची मुलगी, गिटार पाठीवर, सँडविच खात होती. अशा वेळी खाऊ शकते! मागे डर्बीचे एक आजोबा, त्यांची ही सहावी खेप. मी शर्टाला लावलेला नंबर चार वेळा पाहिला. तोही आठवत नव्हता.

दुपारी १.४०.

झालं! छान झालं!

नीट लिहून ठेवतो. खोलीत दोन परीक्षक, एक कॅमेरा, एक क्लिपबोर्डवाली. म्युझिक ट्रॅक सुरू झाला. मी डोळे मिटले, हात कानाशी, षड्ज लावला. लागला हो! मागे त्यांचे ड्रम्स वाजत होते, ते त्यांच्या जागी, मी माझ्या. गंधारावर थांबलो, पंचमाला हात लावून परत आलो. काय आनंद. मग शांतता. डोळे उघडले तर ट्रॅक संपला होता.

परीक्षक बाई म्हणाल्या, लव्हली. इथे चहाच्या कपालाही लव्हली म्हणतात हे मला माहीत आहे, पण सूर वेगळा होता. मग त्यांनी अगदी हळू, आजारी माणसाला विचारावं तसं विचारलं, तुम्ही गाण्यात येणारच होतात का? म्हणालो, येतच होतो. दुसरे परीक्षक खाली बघून काहीतरी लिहीत होते, खांदे हलत होते. बहुधा खूप लिहिलं.

बाहेर मीनाक्षी. विचारलं, सगळे शब्द आठवले? म्हणालो, एकही चुकला नाही. हे खोटं नाही.

२ एप्रिल, बुधवार.

ईमेल. या वेळी पुढच्या फेरीत घेऊ शकत नाही वगैरे वगैरे. पण खाली एक ओळ: आपलं चित्रीकरण ३ मे रोजीच्या कार्यक्रमात वापरलं जाईल.

म्हणजे टीव्हीवर येणार! ज्यांना घेतलं नाही त्यांतल्या किती जणांना दाखवतात? मोजक्यांना. काही कारण असणारच.

आनंदाच्या भरात मोहनकाकांना फोन केला. दहा मिनिटांत त्यांचा परत फोन. कम्युनिटी हॉल बुक, प्रोजेक्टर ठरला, बटाटेवडे मधुमतीकाकू करणार.

आता फोन केला नसता तर बरं झालं असतं असं वाटतंय. काय दाखवतील?

२० एप्रिल, रविवार.

झोप नाही. काकांना म्हणालो, हॉलमध्ये टीव्ही लावायला लायसन्स लागतं, उगाच मंडळ अडचणीत येईल. म्हणाले, काढलंय. म्हणालो, त्या दिवशी बँक हॉलिडेचा वीकेंड, लोक बाहेर जातील. म्हणाले, उलट जास्त येतायत, कॉव्हेंट्रीहून दोन गाड्या येणार.

त्या दिवशी आजारी पडायचं ठरवलं. ताप येत नाहीये. एरवी आमच्या ब्रॅकनेलमध्ये सगळ्यांना ताप असतो.

२ मे, शुक्रवार.

एक गोष्ट लिहून टाकतो, ही वही कुणी वाचणार नाही. पुण्यातल्या त्या स्पर्धेत माइक उत्तम होता. पहिली ओळ म्हटली आणि दुसरी आलीच नाही. तबलजी बिचारा ठेका धरून बसला, चार आवर्तनं, पाच, सहा. आई पहिल्या रांगेत होती, ती ओठ हलवून शब्द सांगत होती, पण मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. शेवटी कुणीतरी पडदा ओढला. तेव्हापासून शब्दांची भीती वाटते. गाण्याची नाही, शब्दांची. उद्या साठ माणसांना ती दिसेल.

मला फार भीती वाटतेय.

३ मे, शनिवार. घरी आल्यावर.

हॉल भरलेला. पुढच्या रांगेत माझ्यासाठी खुर्ची, तिच्यावर हार. काकूंनी ओवाळलं.

मी एकूण अकरा सेकंद आलो. पडद्याच्या कोपऱ्यात एक मोठं घड्याळ. मी डोळे मिटून आऽ. मग ती सँडविचवाली मुलगी, तिने टिन रूफ मोटेलचंच गाणं घेतलं होतं, अख्खं म्हणून दाखवलं, काय म्हटलं! परत मी, अजून आऽ. मग डर्बीचे आजोबा, त्यांचंही गाणं झालं, त्यांना पुढच्या फेरीत घेतलं, घरच्यांनी मिठ्या मारल्या. परत मी. आऽ. घड्याळाचे काटे गरगर फिरले. स्टुडिओत हशा.

हॉलमध्येही कुणीतरी हसलं, मग गप्प झालं. ते गप्प होणं जास्त लागलं.

मोहनकाका उठले. चांगल्या मनाचा माणूस. म्हणाले, त्या लोकांना आपलं गाणं काय कळणार, रघुवीर, तुम्ही इथे म्हणा, इथे परीक्षक नाहीत, घड्याळ नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बसून राहता येईना.

उभा राहिलो. डोळे मिटले. षड्ज.

किती वेळ गेला कळलं नाही. आधी वड्यांचा वास गेला. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, मग दाराचे. कॉव्हेंट्रीवाल्यांना लांब जायचं होतं. मला सगळं ऐकू येत होतं आणि मी पुन्हा पुन्हा गंधारावर जात होतो, कारण गंधारानंतर ती पहिली ओळ होती.

शेवटी दम संपला म्हणून डोळे उघडले. खुर्च्या भिंतीशी रचलेल्या. मागे काका-काकू डबे भरतायत. मीनाक्षी माझा कोट हातात घेऊन उभी. आणि समोर, अगदी समोर, अन्वी. दोन्ही हात वर करून तिने आयपॅड धरला होता. त्यावर गाण्याच्या पहिल्या चार ओळींचे शब्द, हे एवढाले, चष्म्याशिवाय दिसतील असे.

मीनाक्षी म्हणाली, तू सुरू केल्यापासून ती अशीच उभी आहे. अन्वी म्हणाली, बाबा, माझी हात खूप दुखतायत. आता तरी वाच ना.

चारही ओळी म्हटल्या. म्हटल्या म्हणजे वाचल्याच, भीतीने सूर लागला नाही, शेवटची तर घोगरीच आली. हॉलचा केअरटेकर दारात किल्ल्या घेऊन उभा होता. झाल्यावर त्याने विचारलं, अजून आहे का, आठ वाजून गेलेत.

मी म्हणालो, नाही, एवढंच होतं.