पाव किलोचा पाना

तारीख दहा, दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढून

ती. दाजींना,

धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार. खरोखरचा साष्टांग. हे वाचून तुम्ही मला आडवा करणारच आहात, तेव्हा मी आपणहूनच आडवा पडतो.

दाजी, मिरीचं वजन घटलेलं नाही. मुळात ते तेवढं वाढलंच नव्हतं. मी तिच्या लंगोटात सायकलचा पाना ठेवला होता.

काल ताईनं तुम्हाला फोनवर सांगितलं, की डॉक्टर म्हणाले पोरगी ठणठणीत आहे, तपासण्या नकोत. तुम्ही म्हणालात, "आठ दिवसांत अशी कशी ठीक झाली? मला धीर द्यायला थापा मारू नकोस. मी काम सोडून येतो." मी शेजारीच उभा होतो. तुमचा आवाज फोनबाहेर येत होता.

दाजी, येऊ नका. म्हणजे या, पण एकवीस दिवसांनी, पूल पुरा करून, नोकरीत कायम झाल्याचा कागद खिशात घालून. आत्ता निघालात तर तो कागद गेला, आणि तो माझ्या एका पान्यापायी गेला असं होईल. ताई थापा मारत नव्हती. थापा मारणारा मी. तर पहिल्यापासून सांगतो.

आठव्या महिन्याच्या तपासणीला आम्ही दवाखान्यात बाकावर बसलो होतो. शेजारी एक काकू आपला नातू घेऊन. नातू कसला, टोपी घातलेली पिठाची गोणी. काकू म्हणाल्या, "ही किती महिन्यांची? आठ? अगं बाई, आमच्याला आत्ता कुठे पाचवा लागलाय!" डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले होते, की बारीक आहे, दर महिन्याला वजन बघत जाऊ. पण ताईच्या डोक्यात काकूच बसल्या. घरी येऊन कपडे पिळता पिळता रडली. "माझंच काहीतरी चुकतंय रे." मग वाटी-चमचा घेऊन दिवसभर मिरीच्या मागे. मिरी तोंडात घेते, विचार करते आणि माझ्या शर्टावर फवारणी करते. ताई स्वतः मात्र जेवायचं विसरायला लागली.

नवव्या महिन्यात थंडी होती. काट्यावर ठेवलं की मिरी किंचाळते आणि ताईला ते बघवत नाही, म्हणून ते काम माझं. ताई दाराबाहेर कान झाकून उभी असते. सिस्टर म्हणाल्या, "गारठा आहे, कपड्यांसकट ठेव, मी कपड्यांचं वजा करते." माझ्या खिशात पाना होता. आणि माझी अक्कल तुम्हाला माहीत आहे, एकदा धावत सुटली की तिला ब्रेक नाही.

सात किलो चारशे पन्नास! डॉक्टर म्हणाले, छान. ताई घरापर्यंत गुणगुणत आली. रात्री दोनदा भात वाढून घेतला तिनं. मला वाटलं, वा रे पठ्ठ्या, पुण्य केलंस.

पण दाजी, पुढच्या महिन्यात पाना काढला तर वजन जागच्या जागी राहणार. म्हणजे पाना तर हवाच, वर आणखी काहीतरी. मी सायकलची पितळी घंटी घेतली, आत चिंधी कोंबली, कपड्यात नीट दडवली. मिरीनं काट्यावर लाथ झाडली आणि ट्रिंग! सिस्टर खिडकीपाशी जाऊन ओरडल्या, "कोण रे तो, सायकल दारातून बाजूला घे!" मी हसू दाबायला जोरात खोकलो, तर त्यांनी मलाच तपासून घ्यायला सांगितलं.

सात किलो आठशे. त्या दिवशी मिरीही जोरात होती. डॉक्टरांनी विचारलं, "चिमटीत बारीक वस्तू धरते का?" ताई उत्तर देईपर्यंत मिरीनं त्यांच्या कानातला एक पांढरा केस चिमटीत पकडून उपटला. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. कार्डावर लिहिलं, "धरते."

मग अकरावा महिना. उन्हाळा. सिस्टर म्हणाल्या, "सगळे कपडे काढा." पाना माझ्या खिशातच राहिला.

सात किलो सहाशे.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "महिन्याभरात दोनशे ग्रॅम कमी?" पोटाला हात लावून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, मग कागद लिहिला. रक्त, लघवी, आणखी काय काय. आठ दिवसांनी या. ताईचा चेहरा पांढराफटक. त्याच संध्याकाळी तिनं तुम्हाला फोन केला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. आठ दिवस मी दुकानात एकाच ट्यूबला तीन-तीन ठिगळं लावत होतो, पंक्चर एक असताना. ताई मिरीला छातीशी धरून बसायची आणि मी समोर असूनही मला काही सांगायची नाही, म्हणायची, "तू लहान आहेस, तुला कशाला घोर." दाजी, चपलेनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

परवा तपासणीचा दिवस. ताई रक्त घ्यायच्या खोलीबाहेर रांगेत, मिरी माझ्याकडे. आतून एका पोराचं रडणं ऐकू आलं. मनात आलं, आता माझ्या चावटपणासाठी हिला सुई टोचणार. तसाच डॉक्टरांच्या खोलीत घुसलो. मिरीला स्टुलाला धरून उभं केलं आणि पाना अन् घंटी टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"पाव किलो. आणि ही दीडशे ग्रॅम. पहिल्या वेळी एक होता, दुसऱ्या वेळी दोन्ही."

सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे तो सायकलवाला तू!"

डॉक्टर हसले नाहीत. "गाढवा, या आकड्यांवर मी औषधं ठरवतो. पोर खरंच आजारी असतं आणि तुझ्या पान्यामुळे मला दिसलं नसतं, तर?" याला माझ्याकडे विनोद नव्हता. अजूनही नाही.

मग त्यांनी पेन्सिलीनं वजाबाकी केली. सात दोनशे, सात चारशे, सात सहाशे. कार्डावर नवे ठिपके दिले, जोडले आणि कार्ड माझ्याकडे फिरवलं. "बघ. बारीक आहे, पण रेघ कशी चढतेय? तिच्या चालीनं चढतेय. हिला पान्याची गरज कधीच नव्हती." तपासण्यांचा कागद टराटरा फाडला. दाजी, मी त्या खोलीत रडलो. घंटीतली चिंधी काढून नाक पुसलं.

ताईला त्यांनी सांगितलं, "आधीची दोन वजनं चुकली होती. कशी चुकली ते तुझा भाऊ सांगेल." मला म्हणाले, "महिन्याची मुदत देतो, नाहीतर मीच सांगेन. आणि तिच्या बापाला लगेच पत्र लिही. फोनवर तू थापा मारशील. लिहिताना माणूस जरा कमी मारतो." तर हे पत्र म्हणजे माझी शिक्षा. ताई सारखी विचारते, मी 'दाजी आले की सांगतो' म्हणून टाळतोय; तुम्ही आलात की सांगणार. तेव्हा तुम्ही आमच्या दोघांच्या मध्ये उभे राहा.

इथे पत्र संपायला हवं. पण एक गोष्ट राहिली. चार वेळा पेनाला टोपण लावलं आणि चार वेळा काढलं.

तिकडे डॉक्टर मला झापत होते ना, तेव्हा त्यांनी पाना हातात घेऊन माझ्यासमोर नाचवला. मिरीचा जीव त्या पान्यावर. माझ्या खिशातून तो काढून चाखल्याशिवाय तिचा दिवस जात नाही. तिनं पान्याकडे बघितलं. स्टूल सोडलं. एक पाऊल. दुसरं. हात पसरून, पोट पुढे काढून तिसरं. आणि डॉक्टरांच्या गुडघ्यावर धपकन आदळली. सिस्टरनी तोंडावर हात ठेवला. डॉक्टर मधेच शिवी गिळून म्हणाले, "शाब्बास गं पोरी!"

आणि ताई बाहेर रांगेत.

तुम्हाला माहीत नसेल, ताईनं घरात खडूनं रेघ मारलीय, दारापासून खाटेपर्यंत. रोज मिरीला सांगते, "पहिलं पाऊल बाबांच्या समोर हं. तोवर थांबायचं." रेघ पुसली की पुन्हा मारते. मी कोणत्या तोंडानं सांगू?

डॉक्टरांनी, सिस्टरनी वचन दिलंय. परवापासून मिरी कुणासमोर चालली नाही, कारण पाना तिला दिसलेला नाही. तुम्ही जाताना मला दिला होतात ना, तोच हा. या पत्रासोबत तुमच्या साइटवर सिमेंट नेणाऱ्या ट्रकवाल्याकडे देतोय. खात्री हवी तर तोलून बघा. आणि येताना घेऊन या. दारात बसा, रेघेच्या टोकाला, आणि हातात धरा. ती येईल.

तेव्हा तोंड असं करा, की पहिल्यांदाच बघताय. तुम्ही खरंच पहिल्यांदा बघत असाल, पण तेव्हा ताईकडे बघा, माझ्याकडे चुकूनही बघू नका, मी फुटेन. दाजी, पाया पडतो, पान्याचं कुणालाही सांगा, वाटलं तर पुलावर बोर्ड लावा. पण त्या तीन पावलांचं कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नका. ताईला तर मुळीच नाही.

तुमचा आडवा पडलेला,
मिरीचा मामा